काकाजींच्या सायकलीला आवतण

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माणसांवर लिहावं ते माणसं ओळखणाऱ्यांनी. मी ज्यांच्यावर लिहितो आहे ते पुंडलिकराव काकाजी तर मला अजून समजलेलेच नाहीत. अमरावतीत, राजापेठेत, त्यांच्या घरी खोली करून राहतो, रोज त्यांना बघतो आणि रोज गोंधळतो.

काकाजी चित्रकलेचे निवृत्त मास्तर. त्यांची सायकल म्हणजे बैल आहे. म्हणजे, तसं ते म्हणतात. हँडलला रंगवलेली लाकडी शिंगं, पुढे बाशिंग, घुंगुरमाळ, कॅरिअरवर आरशांची झूल. पोळ्याला बैल सजवतात तशी ही सायकल बाराही महिने सजलेली. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काकाजी, हे काहून?"

"बैल रस्त्यानं चालला त लोकं वाट देते. सायकलवाल्याले देते का?"

आमच्या धामणगावकडे बैलाला वाट देतात हे खरं. पण म्हणून सायकलीला शिंगं?

एकदा त्यांच्यासोबत भाजीला गेलो. शाळा सुटली होती. सायकली धरून मुली चौकात खोळंबल्या होत्या आणि गाड्या काही थांबेनात. काकाजींनी आपली सायकल सरळ रस्त्यात आडवी उभी केली. एक मोठी मोटार कर्कश वाजली.

"ओ बुढेबा, सर्कस हाय का?"

काकाजींनी सीटवर थाप मारली. "हळू, बापू. बिचकते थो."

मोटारवाला बघतच राहिला. मग, का कोण जाणे, त्याने हॉर्नवरचा हात काढून बाशिंगाला नमस्कार केला. त्याचं पाहून मीही केला. मुली खिदळत पलीकडे गेल्या. आम्हा तिघांत वेडा कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा पोळ्याला मी गावी गेलो नाही, परीक्षा होती. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात आणि त्यांना सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." बाहेर येऊन पाहतो तर काकाजी अंगणात पळसाच्या पानाने सायकलीचं हँडल मळताहेत.

"ब्रेक मळू नका!" काकू ओरडल्या. "मांगच्या साली नालीत जाऊन थांबले होते!"

काकाजींनी ऐकलं नाही. मग त्यांनी ओसरीच्या खुंटीवरून एक छोटी जांभळी सायकल उतरवली. हिला शिंगं नव्हती. तिचंही हँडल मळलं आणि घंटीजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

दोन्ही चाकं बसलेली होती. मी म्हणालो, "काकाजी, हवा भरून आणू?"

"हात नको लावू!" ते पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले आणि आत गेले.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "स्वराची हाय. आकोल्याची नात आमची. सुट्टीत आली होती, त या शाळेच्या चौकात मोटारीनं पाडलं. पाय जुळला, पन तवापासून पोरगी अमरावतीले येत नाही, सायकलीचं नाव काढत नाही. हे म्हनते, तिनं म्हनल्याशिवाय हवा भरत नाही."

मी शिंगांच्या सायकलीकडे पाहिलं. काही कळल्यासारखं झालं, काही नाही. आवतण द्यायचं बैलाला, दिलं सायकलीला, आणि ते पोचायचं अकोल्याला. मी खोलीत येऊन पुस्तक उघडलं, पण अक्षर डोक्यात शिरेना.

पोळ्याच्या सकाळी काकाजी झूल झटकत होते. काकू फोन घेऊन धावतच अंगणात आल्या. अकोल्याहून त्यांच्या मुलाचा, स्वराच्या बाबांचा होता. तो म्हणाला, दुपारच्या गाडीनं निघतो, स्वराही येतेय. काकाजी नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून काकूंनी फोन स्पीकरवर लावला होता. मधेच त्यात बारीक आवाज आला:

"आबाजी, माझ्या सायकलीत हवा भरून ठेवजा."