कळंबकर बलभीमरावांची पेंग्विनांच्या बेटावरील स्वारी

सोनारीच्या काळभैरवनाथाचे पायी मस्तक ठेवून, आणि कळंबच्या मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, थोरामोठ्यांस मुजरा करून, राजश्री बलभीमराव अडतदार, साकिन कळंब, यांनी खारे पाणी उल्लंघून पृथ्वीच्या पार तळाकडील बेटावर स्वारी केली, तेथील उभ्याने चालणाऱ्या पाखरांच्या मुलुखात पाऊल ठेविले, आणि पुढे जे कळंबात कोणी कधी पाहिले नव्हते ते घडले, त्याची हकिकत यथास्थित लिहिली असे. ऐकणारांनी तंबाखूची पिंक टाकून आणि मोबाईल उपडा ठेवून ऐकावी.

मोहिमेचे कारण ऐसे जे, बलभीमरावांची नात चिरंजीव सृष्टी, हिजला लहानपणापासून पाखरांचा नाद. कॉलेज उरकताच तिने समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करण्याचा मनसुबा अडत दुकानाच्या गादीपाशी येऊन सांगितला, आणि बलभीमरावांनी हमाल, मापाडी, गिऱ्हाइके अशा भरदरबारी हुकूम सोडिला की, "पाखरं मोजून कुनाचं प्वाट भरलंय? गप बी.एड. कर." नातीने हुकूम ऐकिला, वाकून पाया पडली, आणि बी.एड. मात्र केले नाही. मग वर्षे लोटली. ती परमुलुखी शिकली आणि ध्रुवाकडील समुद्रात प्रवासी नेणाऱ्या एका जहाजावर वाटाड्यांच्या पथकात दाखल जाहली, आणि यंदा साउथ जॉर्जिया नामक बेटावर उतरणाऱ्या साऱ्या लोकांची सरदारी प्रथमच तिजकडे आली. तिने निरोप धाडिला की, जहाजावर नातलगांस जागा मिळत आहे, आबा आणि आजीने यावे. आजी कस्तुराबाई तत्काळ बॅग भरावयास बसल्या. बलभीमरावांनी मात्र काही दिवस घेतले, आणि मग जाहीर केले की, "पोरगी तिथं नेमकं करती तरी काय, ह्ये म्या सोता जाऊन बघनार."

वार्ता मोंढ्यात पसरली आणि एस.टी. स्टँडासमोर फलक लागला, त्यावर बलभीमरावांची तसबीर आणि तसबिरीभोवती बर्फ. ताशा वाजला. नारळ फुटले. दादामियाँ कापडवाले, बलभीमरावांचे शाळेपासूनचे दोस्त, यांनी लोकरी कोट नजर केला, हार घातला, आणि कानाशी लागून ताकीद दिली की, "बलभीम, हार घातलाय आता. बोटीतनंच बघून आलास तर मोंढा तुला जगू द्यायचा न्हाय, याद राख." बलभीमरावांनी मिशीवर हात फिरविला आणि कूच केले.

मग विमानामागून विमाने बदलीत स्वारी दक्षिण अमेरिकेच्या शेपटाशी असलेल्या बंदरात दाखल जाहली, आणि जहाज लोटले, आणि ज्यांनी उभ्या हयातीत मांजरा धरणाहून मोठे पाणी पाहिले नव्हते त्यांस समुद्राने पहिल्याच सलामीत आडवे केले. बलभीमराव पलंगावर कैद जाहले. पोटातील ऐवज वारंवार बाहेर रुजू होऊ लागला. भैरवनाथास कोंबडे कबूल केले, मग बोकड कबूल केला, मग लाटा ऐशा चढल्या की अडत दुकानाचा गल्लाच कबूल करावा की काय, येथवर मजल आली.

कस्तुराबाईंस मात्र समुद्र मानवला. त्या लुगड्यावर जहाजाचा तांबडा कोट चढवून डेकावर बसत, शेंगदाण्याची चटणी घालून पाव खात, आणि एका जर्मन म्हातारीशी त्यांचा ऐसा घरोबा जमला की दोघी एकमेकींची भाषा न समजता आपापल्या सुनांविषयी मनसोक्त बोलत आणि योग्य जागी हळहळत. मधूनच खाली येऊन नवऱ्यास खबर देत.

"अवं, उठा की. केवढालं पाखरू आलंय! पंख हालवीत न्हाय का दमत न्हाय, नुस्तं तरंगतंय. आपली सृष्टी समद्यांला त्याचंच सांगतीय. गोरी मान्सं त्वांड उघडं टाकून ऐकत्यात."

"माझा रामराम सांग त्याला," इतकेच बोलून बलभीमरावांनी कागदी पिशवीत मुख घातले.

येणेप्रमाणे हाल सोशीत जहाज बेटाच्या दृष्टिपथात आले, पाणी निवले आणि बलभीमराव उठून बसले. तो पुढेच दुसरे संकट उभे. त्या बेटाचा कायदा बहुत करडा. परमुलुखातील बी, माती, किडा, काडी यांतील काही एक बेटास लागू नये, म्हणोन तेथील सरकारचे अंमलदार जहाजावर चढून प्रत्येकाचे कपडे, बूट, खिसे झाडून पाहतात, आणि चूक निघाली तर साऱ्या जहाजाचे उतरणे अटकते. सृष्टीने ही गोष्ट मराठीत वेगळी समजावली, आणि आबांच्या बंडीकडे पाहून तिचा जीव खाली-वर होऊ लागला. कारण ती बंडी गादीवरची. मूठभर माल हातावर घ्यावा, दाताखाली एक दाणा फोडावा, बाकी खिशात टाकावा, ऐशी उभ्या जन्माची चाल. कस्तुराबाईंनी बंडी उलटी केली तो तूर निघाली, हरभरा निघाला, करडई निघाली, शिवणीत कुसळे निघाली. त्या सुई घेऊन बसल्या आणि शिवण अन् शिवण उकरून काढिली, आणि म्हणाल्या, "बंडी हितंच ठिवा." बलभीमराव म्हणाले की बंडीवाचून आपणांस उघडे वाटते.

मग तपासणीचे दिवशी सारे प्रवासी रांगेत उभे राहिले. अंमलदारीण तरुण होती, निळे हातमोजे चढवून बॅटरीने बुटांच्या भेगा पाहत येत होती. ती दोन माणसे पलीकडे असता बलभीमरावांचे बोट सवयीने खिशाच्या कोपऱ्यात गेले आणि तेथे एक दाणा लागला. बोटास जात तत्काळ उमगली. जोंधळा, मालदांडी. बलभीमरावांस दरदरून घाम सुटला. रांगेतून हलता येईना, दाणा टाकिता येईना. मग त्यांनी खोकल्याचा बहाणा करून हात तोंडाशी नेला आणि शत्रू गिळून टाकिला. अंमलदारीण आली, खिसे उलटे केले, काही न निघता हसून पुढे गेली. बलभीमरावांनी विजयाच्या नजरेने नातीकडे पाहिले. तिने सारे पाहिले होते.

आणि मग जे बलभीमरावांच्या स्वप्नी नव्हते ते घडले. नात सरळ अंमलदारणीपाशी गेली आणि इंग्रजीत काही बोलली, आणि दोघी माघारी आल्या, आणि साऱ्या लोकांसमक्ष बलभीमरावांची नव्याने झडती जाहली. बंडी उतरविली, पिशवीत घालून तिचे तोंड बांधिले. धोतर निऱ्या सोडून पाहिले. बलभीमराव रागाने तांबडेलाल जाहले.

"घरच्या मान्साला धरून दिलीस?"

"व्हय आबा."

"आगं, एक दाना! आन् त्यो बी प्वाटात! त्या बर्फात जोंधळा उगवतोय व्हय?"

"जोंधळा न्हाय उगवायचा," सृष्टी म्हणाली. "पण आज माझ्या आबांचा जोंधळा चालला, तर उद्या कुणाचं तरी गवताचं बी चालतंय. अन् ते उगवतं. मग त्या पाखरांची घरटी कुठं व्हायची? तुमी गादीवर खोट्या मापाला कधी हात लावू दिला का कुणाला? सांगा."

मापाच्या गोष्टीत बलभीमरावांनी सख्ख्या भावासही कधी सूट दिली नव्हती, हे सारा मोंढा जाणे. ते बंडीवाचून उघडे उभे राहिले. अंमलदारणीने क्षणभर आजोबा-नातीकडे पाहिले, आणि बंडी जहाजावरच राहावी, बाकी सर्वांस उतरण्याची परवानगी, असा निवाडा दिला.

दुसरे दिवशी सकाळी बेटाजवळ नांगर पडला. धोतरावर जलरोधक विजार चढवावी की न चढवावी, यावर बहुत वाद होऊन अखेर धोतर आत आणि विजार बाहेर ऐसा तह जाहला, आणि बलभीमराव चहूबाजूंनी फुगले. कस्तुराबाई म्हणाल्या, "पोत्यात पोतं घातल्यागत दिसताय." त्या स्वतः लुगड्याचा काष्टा विजारीत कोंबून चटकन रबरी होडीत उतरल्या. बलभीमराव शिडीच्या शेवटल्या पायरीवर थबकले. खाली होडी वर येई आणि खाली जाई, आणि पाणी काळे, आणि पाय उचलेना. मागे लोक खोळंबले. मग त्यांनी दादामियाँचा हार स्मरला, डोळे मिटले, खलाशाच्या मनगटास मनगट दिले आणि धडकन होडीत बसले, ते जर्मन म्हातारीच्या मांडीवर.

किनारा लागला. पाहतात तो दृष्टी पुरेतो पेंग्विन. पाठ काळी, पोट पांढरे, गळ्याशी केशरी पट्टा, चाल ऐसी की मोठाले मानकरी जेवणाची पंगत शोधीत निघाले. कलकलाट मोंढ्यातील सौद्याहून अधिक, आणि वास ऐसा की नाकास रुमाल लावून डोळ्यांतून पाणी. वाळूत हत्तीएवढे सील म्हशींसारखे लोळत पडलेले. आणि या साऱ्याच्या मध्ये, हातात काठी घेऊन, उभी राहिलेली सृष्टी. ती बोट दाखवी तिकडे लोक वळत. ती हात वर करी तेव्हा थांबत. एक पोटसुटा गोरा सावकार फोटोच्या नादात पेंग्विनांजवळ सरकला, त्यास तिने दोन शब्द सुनाविले, आणि तो कान धरल्यासारखा मागे आला. बलभीमरावांनी हे निरखून पाहिले. हिवाळ्यात तुरीची आवक चढली असता आपण गादीवरून सारा मोंढा ऐसाच हलवितो, हे त्यांच्या मनी आले.

इतक्यात गवतातून एक केसाळ सील निघाला. तोंड कुत्र्याचे, मिशा जमादाराच्या, सुळे पिवळे. तो गुरगुरत, अंग फेकीत, थेट बलभीमरावांवर चालून आला. बलभीमरावांनी पळण्यासाठी विजार उचलली.

"आबा! पळायचं न्हाय! हाय तिथंच उभं ऱ्हावा!"

आणि बलभीमराव उभे राहिले. ओठांवर भैरवनाथ होता, पण पाय हलला नाही. सृष्टी काठी रोवीत मध्ये आली, दोन दगड एकमेकांवर वाजविले, सीलास करड्या आवाजात दटाविले. सीलाने फुरफुरून पाहिले, विचार केला, आणि तोंड फिरवून वाळूत बसला.

"आसंच थांबा," ती म्हणाली, "तिकडून पेंग्विन यायलेत. आपन हललो तर बिचकत्यात." आणि ती दुसऱ्या लोकांकडे धावली.

पेंग्विन आले. दोघे-चौघे बलभीमरावांस वळसा घालून गेले, एक मात्र थांबला. त्याने मान वाकडी करून त्यांस खालपासून वरपर्यंत न्याहाळिले. विजारीतून धोतराचा सोगा बाहेर आला होता, तो चोचीत धरून ओढिला. कस्तुराबाई हसून हसून वाळूत बसल्या. वारा झोंबत होता, नाक गळत होते, सोगा हातभर बाहेर आला, आणि बलभीमराव पुतळा होऊन उभे. पेंग्विनाचे समाधान होऊन तो निघून गेला, तरी ते उभेच. बरीच घटका लोटली. अखेर त्यांनी ओठ न हलविता हाक घातली,

"सृष्टे, आता हालू का गं?"

"थांबा अजून, आबा."

"बरं," बलभीमराव म्हणाले, आणि थांबले.

येणेप्रमाणे बेट फत्ते जाहले. राजश्री बलभीमराव अडतदार, ज्यांनी हयातीत बापाचे ऐकिले नाही, भावाचे ऐकिले नाही आणि बाजार समितीचेही ऐकिले नाही, ते पृथ्वीच्या तळाशी आपल्या नातीच्या हुकमात उभे राहिले, आणि हुकूम सुटेतो तसूभर हलले नाहीत. हे कस्तुराबाईंनी वाळूत बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, म्हणोन येथे नोंदविले असे. एरव्ही कोणी सांगते तर त्यांनीही खरे मानिले नसते.