अनसूयामावशीची पायरी

अनसूयामावशीला कुणीही नवीन भेटलं, मग तो माणूस असो की कुत्रा, की ती आधी दोन पावलं मागं सरायची, मान तिरकी करून त्याला वरपासून खालपर्यंत बघायची आणि हळूच पुटपुटायची, "तिसरी पायरी." मगच पुढं बोलणं. आमच्या गल्लीतला तो काळा कुत्रा, ज्याला पोस्टमनसुद्धा भ्यायचा, त्याला तिनं एका नजरेत "दीड" म्हणून निकालात काढलं होतं. "भुंकतो तो दीडच असतो गो. गप बसून बघतो ना, त्याला जप."

आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावात आमचं आणि तिचं अंगण एकच. मधे नुसती बांबूची वई. मावशी इस्पितळात नर्स होती. अपघाताच्या खोलीत तिनं उभा जन्म काढलेला. दारातून आत आलेल्या माणसाकडं बघूनच आधी कुणाला हात लावायचा ते ठरवायचं, ही तिची जुनी सवय. पण तिला 'पायरी' हा शब्द मिळाला तो निवृत्त झाल्यावर, आणि तोही कॉम्प्युटरच्या खेळातून.

त्याचं असं झालं. तिचा एकुलता एक मुलगा सुरेश लंडनला. ऑफिसात तो कॉम्प्युटरचं काम करायचा आणि घरी आल्यावर स्वतःचा एक खेळ लिहायचा. एकदा सुट्टीवर आला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर आईकडं ठेवून गेला. म्हणजे एक जाडसर कीबोर्ड, तो टीव्हीला जोडायचा, शेजारी कॅसेटचा टेप. कॅसेट लावली की मांजरं भांडल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज थांबला की आम्ही समजायचो, मावशी रानात शिरली.

हो, रानातच. खेळात एक मोठा मुलूख होता. गावं, नदी, जंगल, डोंगर. कुठंही जा, कुणी अडवत नाही. फक्त वाटेत शत्रू भेटतात, त्यांना मारलं की आपण एक पायरी वर चढतो. इंग्रजीत त्याला लेव्हल म्हणत. चित्रं नव्हतीच. उंदीर म्हणजे पडद्यावर एक आर, लांडगा म्हणजे डब्ल्यू. पण मावशी त्या डब्ल्यूला अशी घाबरायची की खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची.

"आयो! आला बघ!"

"मावशी, अक्षर आहे ते."

"तुला अक्षर दिसतं. मला त्याचे दात दिसतात."

हळूहळू पायरी खेळातून बाहेर आली आणि सगळीकडं पसरली. देवळातल्या मराठीच्या वर्गाला, जिथं मी शिकवायची, एकदा तपासणीला साहेब येणार होते. मी रात्रभर धास्तावलेली. मावशी मुद्दाम येऊन मागच्या बाकावर बसली, साहेबांना न्याहाळलं आणि जाताना माझ्या कानात म्हणाली, "अडीच. चहात साखर जास्त घाल." दोन चमचे जास्त घातली. साहेबांनी वर्गाची स्तुती केली आणि आणखी एक कप मागितला.

वादळाच्या दिवसांत तर तिची चंगळ. आमच्याकडं रेडिओवर सायक्लोनचे इशारे मुळातच चार वर्गांत येतात. "बघ, सरकारलासुद्धा पायरी कळते," ती म्हणायची. एकदा तिसऱ्या वर्गाचा इशारा लागला. लोक खिडक्यांना फळ्या ठोकत होते, पाणी भरत होते. मी वईवरून ओरडले, "मावशी, मेणबत्त्या आहेत का?" आतून उत्तर आलं, "थांब गो, आधी कॅसेटवर खेळ उतरवून घेते! लाइट गेली तर मी परत पहिल्या पायरीवर!"

सुरेशचा फोन दर रविवारी दुपारी आमच्या घरी यायचा, कारण मावशीकडं फोन नव्हता. ती अर्धा तास आधी येऊन, नवी साडी नेसून, फोनसमोर बसायची. आणि एकदा घंटी वाजली की असा आवाज लावायची की तारेची गरजच नव्हती. लंडनपर्यंत तसंच ऐकू गेलं असतं. माझे यजमान प्रकाश पेपर तोंडासमोर धरून बसायचे. पान मात्र उलटायचे नाहीत.

सुरेशला आईचा उपयोग होता. तो खेळात बदल करायचा, नवी कॅसेट धाडायचा आणि मावशी खेळून सांगायची, कुठला शत्रू जड आहे, कुठला हलका. "नदीकाठचा लांडगा फार मारतो. त्याला चारवर आण." "जंगलातला चोर काय कामाचा? त्याला मी लाटण्यानं मारीन." तो तिकडं लिहून घ्यायचा.

एकदाच कडाक्याचं भांडण झालं. नव्या कॅसेटीत सुरेशनं एक शक्कल केली होती. आपण जसजसे वर चढू, तसतसे सगळे शत्रूही आपोआप वर चढायचे. मावशीनं त्या रविवारी 'कसा आहेस' सुद्धा विचारलं नाही.

"सा पा बों!" ती क्रेओलमध्ये कडाडली. हे चांगलं नाही! "अरे, मी एवढी मरमर मेले, तलवार मिळवली, चिलखत घेतलं, आणि गावच्या वेशीवरचा उंदीर मला पहिल्यासारखाच चावतो? मग मी वाढले कशाला?"

तिकडून सुरेश काहीतरी समजावत होता. फोनमधून त्याचा आवाज आम्हालाही यायचा. म्हणे, शत्रू तसेच ठेवले तर खेळ सोपा होतो, खेळणाऱ्याला कंटाळा येतो.

"कुणाला कंटाळा? मला न्हाय येत. माणूस लांब जाऊन, चार टोले खाऊन घराकडं वळतो, तेव्हा वाट सोपी लागली पायजे. आणि डोंगरावरचा राक्षस पहिल्या दिवशीपासून भयंकर पायजे. मी बघीन, पळीन, आणि मग कधीतरी परत जाईन. सगळेच माझ्याबरोबर वाढायला लागले तर मी कुणाला भ्यायचं नि कुणाला न्हाय?"

मग सुरेश हसला. "बरं आई. उंदीर लहान करतो."

प्रकाशनी त्या दिवशी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "मावशीचं बरोबर आहे."

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या दोघांच्या बोलण्यात दुसरं काहीच नसायचं. सुरेशनं तिकडं जेनशी लग्न केलं तेव्हा मावशी दुखावली होती. तो वडलांच्या बाराव्याला पोचू शकला नाही तेव्हा आणखी. त्यावर दोघं कधी बोललेच नाहीत. बोलायचे ते लांडग्यांवर.

मग एका जूनमध्ये, व्हाकोआच्या त्या न थांबणाऱ्या बारीक पावसात, नवी कॅसेट आली. मांजरं भांडल्याचा आवाज आला, थांबला, आणि थोड्याच वेळात परत सुरू झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मावशी वईपाशी आली. हातात निवडायची मेथी होती, पण ती निवडत नव्हती.

"पहिल्या वेशीतच मरते गो मी."

"मग रविवारी सांग की त्याला. कठीण झालाय म्हणावं."

"कठीण न्हाय हे." ती शब्द शोधत राहिली. "कठीण असतं तेव्हा करणाऱ्याला वाटत असतं, हा जिंकावा. ह्यात तसं न्हाय. उंदीरसुद्धा जीव घेतो. गावात एक धर्मशाळा होती, निजायला. ती काढून टाकलीय. दुकानदार दार उघडत न्हाय. सगळा मुलूख नुसता मारतोय." मग म्हणाली, "माझ्या पोराचं काहीतरी बिनसलंय."

मी म्हटलं, मावशी, खेळ आहे. चुकून झालं असेल. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. अपघाताच्या खोलीत ती दाराकडं कशी बघत असेल ते मला तेव्हा कळलं.

रविवारी घंटी वाजली. तिनं फोन उचलला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "सुरेश, जेवलास काय रे?"

तिकडून त्यानं बहुतेक खेळाचंच काही विचारलं.

"खेळाचं राहू दे. जेवलास काय?" मग थोडं थांबून, "जेन कुठाय?"

त्या दुपारी फोनमधून काही ऐकू आलं नाही. मावशी फक्त "हं" म्हणत होती. "कधी गेली?... हं... आणि काम?... तेही?... मला का सांगितलं न्हाय?... बरं. न्हाय, रागवत न्हाय मी. बोल तू." प्रकाश उठून अंगणात गेले. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी हलवत राहिले.

तिनं फोन ठेवला तशी मी बाहेर आले. मी पाणी दिलं. ते पिऊन तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "पासपोर्टचा फोटो कुठं काढतात गो?"

सुरेशनं तिला आजवर कितीदा बोलावलं होतं. विमानाचा विषय निघाला की हिला देवळात काम आठवायचं. रोझ बेलला बहिणीकडं जायचं तरी ती बसमध्ये डोळे मिटून बसायची.

ऑगस्टमध्ये आम्ही तिला विमानतळावर सोडलं. अंगात तीन स्वेटर, हातात लोणच्याची बरणी, आणि चेहरा पांढराफटक. आत जाताना तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रविवारी दुपारी फोन वाजला. सवयीनं मी धावले. पलीकडून मावशीचा आवाज, इतका बारीक की मला रिसीव्हर कानाला दाबून धरावा लागला.

"पोचले मी. बरी हाय."

"मावशी!" मी आनंदानं ओरडले. "कसं आहे लंडन? सुरेश कसा आहे?"

"हळू बोल गो," ती कुजबुजली. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."