भागाबाईंच्या बाजूची भिंत

भिंत : चार इंच

ड्रिल मशीन भिंतीत इंचभर कुरकुरलं आणि मग लोण्यात सुरी जावी तसं थेट मुठीपर्यंत आत गेलं. जीवरामने मशीन बंद केलं.

"सुमन, पार गेलं."

"कुठे?"

"भागाबाईंकडे."

सुमनबाईंच्या हातातला टीव्हीचा रिमोट खाली पडला. मुलाने पुण्याहून पाठवलेला नवा टीव्ही खाटेवर उशी घेऊन झोपला होता. त्याला टांगायला आजचाच मुहूर्त निवडला होता, कारण आज भागाबाई लेकीकडे पाचोऱ्याला गेल्या होत्या. त्या असताना या भिंतीला खिळा ठोकायची कोणाची छाती नव्हती. तीस वर्षांत नुसतं कॅलेंडर लावायला घेतलं, तरी पलीकडून आवाज यायचा, "कोण ठोकतंय रे?"

गिरणी बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती. भोंगा गेला, साचे भंगारात गेले, चाळीसगावात उरली ती गिरणीची चाळ. घरं इतकी दाटीची, की एका घरात मिरचीची फोडणी पडली की चौथ्या घरात ठसका. आता कुठे ही घरं राहणाऱ्यांच्या नावावर होणार होती. उद्या दहाला पाहणीला साहेब येणार. फॉर्मवर शेजाऱ्याची सही हवी, 'सामाईक भिंत शाबूत आहे, माझी तक्रार नाही'. सही नाही, तर नाव नाही.

जीवरामचं घर ओळीतलं शेवटचं. शेजार एकच.

भिंत : भोकासकट

चाळीच्या रिवाजाप्रमाणे भागाबाईंची किल्ली जीवरामकडेच होती. त्याने कुलूप काढलं. आत शिरून त्याने वर पाहिलं आणि तो दारातच खाली बसला.

भिंतीवर भागाबाईंचे यजमान अभिमन नाना होते. म्हणजे नानांचा लॅमिनेशन केलेला हातभर फोटो. नाना साचेखात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. जीवरामने त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली होती आणि अकरा वर्षांत त्यांच्या नजरेला नजर दिली नव्हती. आज दिली. नानांच्या कपाळात, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, भोक होतं.

"देवा रे," मागून आलेल्या सुमनबाई म्हणाल्या, "जिवंतपणी नाही जमलं ते आज केलंत."

"हळू बोल. ऐकतील."

"कोण?"

जीवरामने फोटोकडे बोट दाखवलं आणि लगेच खाली घेतलं.

फोटो उतरवून पाहावं, एवढी हिंमत दोघांतही नव्हती. सुमनबाईंनी कणकेची गोळी करून भोकात दाबली. कणीक पांढरी दिसायला लागली. म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाळाची टिकली काढून वर चिकटवली. लाल, गोल, खड्याची. नाना आता रागावलेल्या नवरीसारखे दिसत होते.

"खडा तरी खरवड," जीवराम कळवळून म्हणाला.

तेवढ्यात समोरच्या ज्योत्स्नाने उघडं दार पाहून आत डोकं घातलं. "काका, अक्का तर गावाला गेल्या ना? आणि नानांना टिळा? आज काय शे?"

घाबरलेला माणूस विचार करत नाही, उत्तर देतो.

"पुण्यतिथी," जीवराम म्हणाला.

भिंत : गर्दीत दिसेना

चाळीच्या ग्रुपवर, २ वाजून १० मिनिटांनी, ज्योत्स्ना: *आज आपल्या अभिमन नानांची पुण्यतिथी. अक्का संध्याकाळी गावाहून येतील, एकट्या पडायला नको. बठ्ठ्यांनी या, कोणी राहू नका.*

२.१२, प्रेमराज: *हार मी आणतो.*

२.१३, प्रेमराज: *नाना ऑगस्टमध्ये गेले ना?*

२.१५, ज्योत्स्ना: *तिथीने.*

साडेतीनपर्यंत भागाबाईंच्या खोलीत बावीस माणसं होती. साचेखात्यातले म्हातारे पांढऱ्या टोप्या घालून आले. कोणी केळी आणली, कोणी उदबत्ती. ज्यांनी नानांना आयुष्यभर शिव्या घातल्या ते डोळे पुसत होते. जीवराम फोटोखाली उभा राहून हात पसरून सांगत होता, "लांबूनच नमस्कार करा. लांबूनच."

"अरे, लांबून काय?" प्रेमराज हार घेऊन पुढे आला. "फोटो चौरंगावर ठेवावा लागतो. सरक."

"नको रे भाऊ!"

"का नको?"

प्रेमराजने खुर्ची ओढली, वर चढला आणि फोटोच्या दोन्ही कडा धरल्या.

"हात लावू नका!"

दारात भागाबाई उभ्या होत्या. हातात पिशवी, पदर घसरलेला, चेहरा चुन्यासारखा. एसटी आज वेळेआधी आली होती.

"खाली उतर प्रेमराज! व्हा बठ्ठा बाहेर! कोणी बोलावलं तुम्हले?"

"अक्का, दुःख आहे, समजतं आम्हाला," ज्योत्स्ना म्हणाली.

"तू आधी निघ!"

माणसं केळी तिथेच ठेवून निघाली. जीवरामही त्यांच्या आडून सटकत होता.

"जीवराम भाऊ. तुम्ही थांबा."

भिंत : एक इंच

दार लागलं. आत दोघं आणि नाना. जीवरामला फॉर्मवरची ती रिकामी ओळ दिसायला लागली. मग बिऱ्हाड, मग टेम्पो, टेम्पोवर उलटा ठेवलेला टीव्ही.

"किती पाह्यलं तुम्ही?" भागाबाईंनी विचारलं. आवाज कापत होता. तो का कापतोय, हे त्याला कळेना.

"अक्का, चुकून झालं. मी बुजवतो."

"बुजवू नका! साहेबाला सांगू नका, भाऊ. पाया पडते."

त्यांनी स्वतःच फोटो उतरवला. मागे फोटोएवढाच कोनाडा होता. त्यात लोणच्याच्या लहान बरण्या, पापडाचा चपटा डबा, देवाचं तेल. कोनाड्याच्या तळाशी जीवरामच्या बाजूचा जेमतेम इंचभर थर उरला होता आणि त्यातल्या भोकातून सुमनबाईंचा एक डोळा दिसत होता.

"यांनी कोरलं. रोज थोडं थोडं, तुम्ही पाळीला गेले की. मी नको म्हणत होते. खिळा ठोकला की माझा जीव जायचा, सगळं बाहेर येईल म्हणून. भिंत शाबूत नाही असं तुम्ही उद्या लिहिलं, तर माझं घर जातं."

जीवरामने तीन इंच भिंत गेल्याचं पाहिलं. तीस वर्षं ज्या बाईला आपण घाबरलो, ती तीस वर्षं आपल्याला घाबरत होती, हेही पाहिलं. छाती फुगवायची हीच वेळ होती. त्याने फुगवलीही.

"फॉर्म कुठे आहे?" तो दरडावून म्हणाला.

दोघांनी एकमेकांच्या फॉर्मवर सह्या केल्या. 'सामाईक भिंत शाबूत आहे.' सकाळी साहेब आले, एका बाजूला टीव्ही पाहिला, दुसऱ्या बाजूला हार घातलेला फोटो पाहिला, दोन शिक्के मारून गेले.

घर नावावर झालं, त्या संध्याकाळी जीवराम मालकासारखा खाटेवर पसरला. बायकोकडे वळून मोकळ्या आवाजात म्हणाला, "बघितलंस? म्हातारीला कशी वठणीवर आणली!"

"कोणाला?" टीव्हीच्या मागून विचारणा झाली.

जीवराम उठून बसला. सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला.

तेव्हापासून, स्वतःच्या मालकीच्या घरात, जीवराम कुजबुजून बोलतो.