तुमचं म्हणणं असं की

यादीतलं एकतिसावं नाव तिचं स्वतःचंच होतं.

तिने ते दोनदा वाचलं. रसायनशास्त्र शिकलेली असल्यामुळे कुठलंही मोजमाप दोनदा घ्यायची तिला सवय होती. नाव तेच, कॉलेज तेच, आणि संपर्काचा नंबर आईचा. कर्जाचा अर्ज भरला तेव्हा तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता.

ऑफिसात बारा टेबलं होती. बँकेने नेमून दिलेलं काम एवढंच, की शिक्षणासाठी कर्ज घेतलेल्या आणि शिक्षण संपलेल्या मुलांच्या घरी फोन करायचा, परतफेड कधी सुरू होते ते समजावायचं, आणि नोकरी लागली का ते विचारून खूण करायची. बोलायचं टेबलाच्या नंबराने, नावाने नाही. खुर्च्यांवरच्या मुली इतक्या भराभर बदलत, की देखरेखीवरच्या मॅडमही त्यांना नंबरानेच ओळखत. ही सहा नंबर. गेले सात महिने ती दिवसाला चाळीस जणांना तेच वाक्य ऐकवत होती, "शिक्षण संपल्यापासून एक वर्ष किंवा नोकरी लागल्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी घडेल ते." कोणी "पण तात्पुरती आहे हो" म्हटलं, की ती गोड आवाजात सांगे, "तात्पुरती असली तरी ती नोकरीच धरतात."

स्वतःची मात्र तिने धरली नव्हती. नोकरी म्हणजे प्रयोगशाळा. ती लागली की मग सहा महिने मोजायचे. घरी तिने सांगितलं होतं, आपण बँकेच्या संशोधन विभागात आहोत. बँकेत कसलं संशोधन चालतं हे कोणी विचारलं नाही, तेव्हा ते पचलं असं तिने गृहीत धरलं. बाबा तर तिला लहानपणापासून शास्त्रज्ञच म्हणत. तरी रोज संध्याकाळी बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून मागच्या घरात शिरताना ती मान खाली घालूनच जाई.

तिने एकतीस ओलांडून बत्तिसाव्या नंबराला हात घातला.

"आज तुझी पाळी," मॅडम मागून म्हणाल्या. "मी ऐकतेय. आणि एकतीस का राहिला?"

"एंगेज होता."

"मग आता लागेल." मॅडमनी दुसरा हेडफोन कानाला लावला.

मॅडमचा एक नियम होता. समोरचा जे बोलेल ते त्याला परत ऐकवायचं. 'तुमचं म्हणणं असं की' इथून सुरुवात, आणि 'बरोबर?' वर शेवट. म्हणजे पुढे भांडण नको.

फोन लागला. पलीकडे दुकानात अकरा वाजत होते, प्रत्येक घड्याळात वेगवेगळे. तिने आवाज जमेल तितका जाड केला आणि 'नमस्कार, सहा नंबर बोलतेय'पासून 'जे आधी घडेल ते'पर्यंत सगळं म्हणून टाकलं.

पलीकडून आई म्हणाली, "नोकरी होय? नाही हो लागली अजून."

मॅडमची पेन्सिल खुर्चीच्या पाठीवर वाजली.

"तुमचं म्हणणं असं की मुलीला अजून नोकरी लागलेली नाही. बरोबर?"

"बरोबर. डबा घेऊन जाते रोज. संशोधन विभाग म्हणते. आणि येते ती घसा बसवून. संशोधनात घसा बसतो का हो?"

"तुमचं म्हणणं असं की संशोधनात घसा बसतो. बरोबर?"

"मी तुम्हाला विचारतेय."

मॅडमनी 'पुढे चल' अशी खूण केली.

"आम्ही नाही विचारत तिला," आई म्हणाली. "लाजते. शाळेत एकदा दुसरा नंबर आला, तर आठ दिवस प्रगतिपुस्तक गादीखाली."

"तुमचं म्हणणं असं की मुलीने प्रगतिपुस्तक गादीखाली ठेवलं होतं. बरोबर?"

"आठ दिवस."

"आठ दिवस," तिने दुरुस्ती केली. कान इतके तापले होते की हेडफोन वितळेल असं वाटत होतं.

"हप्त्याचं म्हणाल, तर दुकानातलं ते लंबकाचं मोठं घड्याळ आहे ना, उद्या माणूस येतोय ते न्यायला. पैसे आले की पहिल्या हप्त्यात घालू म्हणतात तिचे बाबा. तिला नका सांगू."

लंबकाचं घड्याळ दुकानात एकच होतं. आजोबांचं. बाबा बाकीची सगळी घड्याळं त्यावरून लावत.

"तुमचं म्हणणं असं की… बाबा…"

"तिचे बाबा," मॅडम कुजबुजल्या.

"तिचे बाबा ते घड्याळ विकणार आहेत. बरोबर?"

"माणूस येतोय न्यायला, असं म्हटलं मी. आणि बाई, पाणी प्या थोडं. घसा बसलाय तुमचा."

'नोकरी नाही' या रकान्यात तिने खूण केली. आयुष्यात पहिल्यांदा तिने माहीत असून चुकीची नोंद केली होती.

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. "शेवटी आवाजही कसा भरून आला तुझा. उद्या नवीन मुलींना हाच कॉल ऐकवते."

सहा वाजता ती दुकानात शिरली ती थेट बाबांसमोर जाऊन उभी राहिली. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"बाबा, घड्याळ विकू नका. मला नोकरी आहे. संशोधनाची नाही, फोनची. सात महिने झाले. हप्ता मीच भरणार."

बाबांनी भिंग काढलं. "कुठलं घड्याळ?"

तिने बोट दाखवायला मान वर केली. भिंतीवर लंबकाची दोन घड्याळं शेजारी शेजारी हलत होती.

"ते दुसरं गिऱ्हाइकाचं," बाबा म्हणाले. "आठवडा झाला येऊन. उद्या दुरुस्तीचे पैसे देऊन नेतोय. तू वर बघितलं असतंस, तर दिसलं असतं."

आई पदराला हात पुसत दारात आली. "तुझं म्हणणं असं की सहा नंबर तूच. बरोबर?"

"बरोबर. तू ओळखलंस?"

"नमस्कार म्हणालीस तेव्हाच."

"मग नोकरी नाही असं का सांगितलंस?"

"तूच कुठे नोकरी मानत होतीस ती?" आई म्हणाली. "म्हटलं, एक तर ही आपणहून सांगेल, नाहीतर मी रागवेन. यांपैकी जे आधी घडेल ते. संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती तुला."

"शास्त्रज्ञ," बाबांनी विचारलं, "हप्ता मग कधीपासून?"

"गेल्या महिन्यापासून," ती म्हणाली, अगदी हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिली खूण खोडून शेजारच्या रकान्यात केली, पहिला हप्ता भरला आणि नव्या यादीतला नंबर फिरवायला घेतला. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज येत होता, संशोधनात घसा बसतो का हो, आणि त्यामागून आठ नव्या मुलींचं हसणं.

मॅडम दारातून डोकावल्या. "सहा नंबर, मुली विचारताहेत, त्या बाईंच्या मुलीचं पुढे काय झालं?"

"लागली तिला नोकरी, मॅडम," ती मान वर करून म्हणाली. "सात महिन्यांपूर्वी."