गाठीचं मूळ गाव

माझ्या फुप्फुसाच्या अस्तरातली गाठ मूळ गावाच्या पडताळणीसाठी समितीपुढे हजर झाली, तेव्हा तिला बसायला खुर्ची मिळाली आणि मला उभं ठेवलं.

आमच्या जिल्ह्यात गाठीचं मूळ गाव सिद्ध झाल्याशिवाय औषध सुरू करत नाहीत. नियम तसा वाईट नाही. फुप्फुसात जन्मलेल्या गाठीचं औषध वेगळं, आतड्यातून आलेलीचं वेगळं, आणि फुप्फुसाभोवतीच्या पातळ अस्तरात उगवलेलीचं आणखी वेगळं. गाठी मात्र कुठेही जाऊन आपण इथल्याच म्हणून राहतात, त्यामुळे चौकशी करावी लागते. माझं म्हणणं एवढंच होतं की चौकशी लवकर उरका. मला आता पाण्याची कळशी उचलवत नव्हती. औषध वेळेत मिळालं तर चार दिवस जास्त काढशील, असं मला स्पष्ट सांगितलेलं होतं.

गाठ म्हणजे सगळी गाठ नव्हे. सुईनं काढलेला तिचा साबुदाण्याएवढा तुकडा मेणाच्या वडीत बसवलेला होता. पण तुकडा बोलला म्हणजे गाठ बोलली, असं समिती धरते. कारखान्याचे पाठारेसाहेब तिच्यासाठी घरून उशी घेऊन आले होते. त्यांनी तिला शाल पांघरली, नारळ दिला आणि शिपायाला सांगितलं, "बाईंना चहा आण. आलं घालून."

त्या बाई म्हणजे मी नव्हे.

कारखान्याचा इथे संबंध काय, तेही सांगते. आमच्या गावात छपराचे सिमेंटचे पत्रे बनतात. त्यात एक तंतूसारखं खनिज घालत, आणि पत्रा कापला की त्याची धूळ उडे. अस्तरातली गाठ बहुतेक करून त्याच धुळीनं होते. म्हणून गाठ अस्तरातली ठरली की तिचा ठपका कारखान्यावर येतो, आणि फुप्फुसातली ठरली की तो बिडीवर ढकलता येतो. मी जन्मात बिडी ओढलेली नाही. हे मी पाठारेसाहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "शेजारी कुणी ओढत असेल."

अध्यक्ष गोखणकर यांनी चष्मा पुसला आणि गाठीला अदबीनं विचारलं, "आपलं मूळ गाव?"

"फुप्फुस," गाठ म्हणाली. "पिढ्यान् पिढ्या आम्ही फुप्फुसातले. अस्तरात आपली भाड्यानं राहते."

"खोटं बोलतीय मेली!" मी म्हणाले.

"रुग्णानं मध्ये बोलू नये," अध्यक्ष म्हणाले. "गाठ बुजते."

बुजते म्हणे! वर्षभर माझ्या छातीत ठाण मांडून बसलीय, माझा घास, माझी झोप खातीय, आणि ती बुजते! माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. पण तेवढ्यात डॉक्टर शाहीन मुजावर उठल्या. गाठींचे तुकडे भिंगाखाली पाहून त्यांचं कूळ सांगणं हे त्यांचं काम. त्यांनी साक्षीला रंग आणले होते. तुकड्याचे पापुद्रे काढायचे आणि एकेका रंगाला त्यांच्यासमोर उभं करायचं. ओळख पटली की रंग तपकिरी होतो, नाही पटली तर होत नाही. रंगाला कुणी उशी दिली काय नि शाल दिली काय, सारखंच.

पहिला साक्षीदार फुप्फुसातल्या गाठींना ओळखणारा होता. त्यानं गाठीला खालून वर न्याहाळलं. "नाही साहेब. आमच्या भावकीत हे तोंड नाही," तो म्हणाला, आणि होता तसाच कोरा बाहेर गेला.

दुसरा अस्तरातल्यांना ओळखणारा. तो खुर्चीपर्यंत पोचायच्या आत तपकिरी झाला. "अगं, तू? इथं कशी? आणि ही शाल कुणाची घेतलीस?"

गाठीला चहाचा ठसका लागला. "तोंडओळख असेल," ती म्हणाली. "येणंजाणं होतं आमचं."

"तिसरी गोष्ट," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "पेशीत एक राखणदार जनुक असतं. ते पेशीला बेफाम वाढू देत नाही. अस्तरातल्या गाठींमध्ये हा राखणदार पुष्कळदा नाहीसा झालेला असतो. हिच्यातही तो नाही."

"राखणदाराला हजर करा," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, तेच सांगतेय. तो नाहीच आहे."

"जो नाही त्याची साक्ष कशी घ्यायची?"

"तो नाही, हीच त्याची साक्ष."

अध्यक्षांनी बराच विचार केला. मग शिपायानं दाराबाहेर जाऊन राखणदाराच्या नावाचा तीनदा पुकारा केला. कुणी आलं नाही. तेव्हा कुठे ते मान्य झालं, आणि गाठीनं शाल खांद्यावरून काढून ठेवली.

"आहे मी अस्तरातली," ती म्हणाली. "फुप्फुसातली म्हणून सांगितलंस तर मान राहील, असं हे साहेब म्हणाले होते." पाठारेसाहेब छताकडे पाहू लागले.

मला वाटलं, सुटले. आता औषध मिळणार. भिंतीशी माझे यजमान श्रीपती उभे होते. त्यांचा जन्म पत्रे कापण्यात गेला, आणि निवृत्त झाले तरी पाठारेसाहेब समोर असले की त्यांना बसवत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

पाठारेसाहेबांनी मात्र घसा साफ केला. "अस्तरातली, मान्य. धुळीची, तेही मान्य. पण या बाई आमच्या कामगार नाहीत. गेटच्या आत यांचं पाऊल नाही. मग आमची धूळ यांच्याकडे आली कशी?"

"म्या न्हेली, साहेब," श्रीपती म्हणाले. "कपड्यांवरनं."

खरंच होतं ते. कारखान्यात कपडे बदलायची सोय नव्हती. ते पिठात लोळल्यासारखे घरी यायचे. सदरा तसाच भिजवला तर बादलीत गाळ बसायचा, म्हणून मी आधी ओट्यावर उभी राहून तो झटकायची. आळीतल्या सगळ्याच बायका त्या वेळी ओट्यावर यायच्या आणि गप्पा मारत मारत झटकायच्या. त्यांतल्या बऱ्याच जणी आता नाहीत. त्यांच्या गाठींना कुणी गावच विचारलं नाही.

समितीनं आपसात कुजबूज केली. मग अध्यक्षांनी निर्णय सांगितला. धूळ कामगाराला कामाच्या ओघात मिळालेली, म्हणजे ती कामगाराची. पत्नीनं ती झटकताना अनवधानानं स्वतःकडे ठेवून घेतली. सबब, त्या धुळीपासून झालेली गाठही कामगाराचीच असून चुकून पत्नीच्या अंगावर चढली आहे. ती श्रीपती यांच्या नावे वर्ग करावी आणि त्यांच्यावर तातडीनं उपचार सुरू करावेत.

"अहो, गाठ हिच्या छातीत आहे!" डॉक्टर मुजावर यांनी टेबलावर हात आपटला. "यांची छाती साफ आहे!"

"प्रश्न जागेचा नाही डॉक्टर, प्रश्न हक्काचा आहे."

"पण मी राहते हिच्याकडे," गाठसुद्धा म्हणाली.

"आपल्या राहण्याला समितीची हरकत नाही."

श्रीपतींनी हात जोडले. "साहेब, दवा तिला द्या."

"म्हणजे तुम्हाला गाठ नको आहे?"

"हवी साहेब. समदी घेतो. पर ती तिच्यातच ऱ्हाती, तर दवाबी तिलाच द्या."

"असं तोडून देता येत नाही. गाठ घेतली की औषधही घ्यावंच लागतं."

"तुमच्या समितीचं वाटोळं होवो!" मी ओरडले. गोखणकरांनी आभार मानले आणि गाठीला दारापर्यंत पोचवायला स्वतः उठले.

औषध मात्र खरोखर लगेच सुरू झालं, समितीला ढिली म्हणायची सोय नाही. श्रीपती आता वॉर्डातल्या खाटेवर असतात. त्यांच्या धडधाकट अंगात थेंब थेंब माझं औषध जातं. केस गेले, अन्न पोटात ठरत नाही. डॉक्टर मुजावर रोज वर जाऊन समितीशी भांडतात आणि लाल डोळ्यांनी खाली येतात. मी खाटेपाशी स्टुलावर बसते, कारण माझं नाव नातेवाईक म्हणून लागलं आहे.

काल नर्सबाई आल्या. सलाइनचा वेग पाहून झाल्यावर माझ्याकडे वळल्या. "मावशी, नातेवाईकांनी इथे खोकू नये. पेशंटला त्रास होतो."

श्रीपतींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी उठले नाही. तिथेच बसून, नर्सबाईंच्या तोंडावर, पोटभर खोकले.