गालापुरतं लाकूड

माझी बायको जयमाला गेल्याचं कळलं, त्या दुपारी मी फुशारकी मारत होतो. तुर्भ्याच्या कारखान्यात मी फिटर. जेवणाच्या सुट्टीत तिच्या रायफलीचा दस्ता व्हाइसच्या पकडीत धरून देवजी सुताराला सांगत होतो, "बघच तू! मॅचला आमची बाई नुसता गाल टेकवेल, गोळी आपणहून मध्यभागी जाऊन बसेल!"

"वहिनी दवाखान्यात ना?"

"शनिवारी सोडतायत!"

जयमाला होमगार्डात नेम धरायला शिकली, मग रायफल क्लबात जायला लागली. तिथं तिला मिळाली गोऱ्या साहेबाच्या काळातली म्हातारी रायफल. एका वेळी एकच गोळी भरायची, मारायची, पुन्हा भरायची. नळी क्लबच्या कपाटात कुलपात राहायची, लाकडी दस्ता तेवढा मी दुरुस्तीला घरी आणायचो. जयमालेचे हात आखूड, म्हणून दस्ता मागून कापला. खांद्याला लागू नये म्हणून स्लिपरचं रबर ठोकलं. पुढं वजन हवं म्हणून तिच्या भावाच्या मासेमारीच्या जाळ्याचं शिसं बसवलं. आणि गाल टेकायला पोळपाट कापून फळी केली. रायफल कसली, अर्धा संसार होता तो!

"अहो, पोळ्या आता तुमच्या डोक्यावर लाटू का?" ती ओरडली होती. पण गाल टेकवून बघितला. मग म्हणाली, "बरोब्बर बसलं!"

काविळीनं तिचा गाल आत गेला. जुनी फळी आता गालाला पुरणार नाही, म्हणून मी फळीवर नवी पट्टी चढवत होतो. तेवढ्यात गेटवरून वॉचमन आला. दवाखान्याचा फोन होता.

मी दस्ता काखेत घेऊन तसाच निघालो. दवाखान्याच्या दारात शिपायानं अडवलं.

"हे काय, बंदूक?"

"लाकूड आहे."

"लाकूड कशाला आणलंत?"

मी दस्ता तसाच काखेत धरून आत गेलो.

स्मशानात मी अग्नी द्यायला वळलो, तर चितेवर जयमालेशेजारी दस्ता! तिचा भाऊ गोवर्धन मोऱ्याच्या बंदरावरून आला होता. त्यानं तो घरून आणून हळूच ठेवला होता.

"दाजी, बायचा हाय ना तो? बायबरोबर जाव द्या."

"अरे, क्लबचा आहे तो!" मी ओरडलो आणि ओढला. दस्ता आला, पण बरोबर लाकडंही गडगडत खाली आली. माणसं मागं पळाली. चिता पुन्हा रचावी लागली.

"बायको चालली आणि याला लाकडाची पडली!" माझी आत्या सुंदराबाई सगळ्यांदेखत म्हणाली. अजून माझ्याशी बोलत नाही.

दिवसकार्य झाल्यावर दस्ता घेऊन क्लबात गेलो. चंदा नावाच्या उंच मुलीनं तो खांद्याला लावला. मान वाकडी करून करून बिचारी दमली.

"काका, हे कुणाच्या मापाचं आहे?"

सेक्रेटरी नंदकुमारसाहेब खाली बघत म्हणाले, "होता तसा करून द्या. पुढच्या मॅचला हिला लागेल."

"एका संध्याकाळचं काम आहे साहेब!" मी म्हणालो.

घरी येऊन कामाला लागलो. शिसं काढलं. गोवर्धननं ते परत जाळ्याला बांधलं. रबर काढलं. कापलेला तुकडा कपाटाच्या पायाखाली होता, तो ओढला तर कपाट कललं आणि तिची लुगडी माझ्या अंगावर पडली! ती उचलून ठेवली. तुकडा जोडला, घासला. राहिली फळी. नवी पट्टी कोरी होती. खालची जुनी फळी तिच्या केसांच्या तेलानं काळी झाली होती.

आठवड्यानं साहेबांचा कारखान्यात फोन आला. "झालं का?"

"फळीचे स्क्रू गंजलेत, साहेब."

"अहो, पितळेचे ना ते? पितळ गंजतं?"

"आमच्या तुर्भ्याची हवा फार वाईट आहे, साहेब!"

साहेब खाकरले. मग म्हणाले, "असेल, असेल."

मॅच झाली. चंदाला दुसरी रायफल दिली. दस्ता माझ्याकडंच आहे.

फळी काढायची राहिली आहे.