ढकलल्याचे पेढे

लोक पेढे कशाकशाचे वाटतात? मुलगा पास झाला, मुलीचं लग्न ठरलं, नवी गाडी दारात आली. आमचे सोनवणे अप्पा मात्र एखादा व्हिडिओ गेम पुढे ढकलला गेला की पेढे वाटायचे.

गेम आला की नव्हे. आला त्या दिवशी अप्पांचा चेहरा जेवण उरकून पत्रावळी उचलल्यासारखा रिकामा असायचा. पण जाहीर झालेली तारीख रद्द होऊन चार-सहा महिने पुढची पडली, की दुसऱ्या दिवशी पहाटपाळीच्या बसमध्ये अप्पा हातात खोका धरून चढायचे आणि ड्रायव्हरपासून सुरुवात करायचे.

"घ्या, साळुंखे."

"कशाचे, अप्पा?"

"ढकलला."

"कोण?"

"बुडालेल्या गावावाला. दिवाळीला येनार हुता. आता उन्हाळ्यात."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी पेढा तोंडात टाकला आणि मग काळजी करायला लागलो. माझा क्रम सगळ्याच बाबतीत असा आहे.

अप्पा सत्तावन्न वर्षांचे. मूळचे बीडकडचे, पण निम्मं आयुष्य पिंपळे गुरवात गेलेलं. महाळुंग्यातल्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रॅकेट बनतात. ब्रॅकेट म्हणजे गाडीच्या पोटात कुठेतरी बसणारा लोखंडी तुकडा. गाडी घेणाऱ्याला तो जन्मात दिसत नाही. अप्पा शेवटच्या तपासणीला आणि मी डिस्पॅचला. म्हणजे माल ट्रकमध्ये घालून गेटबाहेर काढणं हे माझं काम, आणि तो जाऊ न देणं हे अप्पांचं. आमची मैत्री व्हायचं काही कारण नव्हतं. ती केवळ बसमध्ये शेजारी जागा मिळाल्यामुळे झाली.

अप्पांचं हत्यार म्हणजे लाल कार्ड. मालात खोट दिसली की ते ट्रॉलीला दोऱ्यानं लाल कार्ड बांधायचे. त्यावर तीन रकाने. दोष काय, रोखला कोणी, आणि तिसरा सोडल्याची सही व तारीख. नियम एकच : ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. मॅनेजर आला काय, मालक आला काय, दुसऱ्याचा हात कार्डाला लागायचा नाही.

माझा लागला. एका शनिवारी ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि अप्पा जेवायला गेलेले. मी कात्रीनं दोरा कापला, कार्ड खिशात घातलं आणि माल धाडला. तिसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा परत आला. ट्रॉलीला माझा अर्धा दोरा लोंबत होता. अप्पांनी तो दोरा सोडवला आणि आपल्या टेबलासमोरच्या फळ्यावर टाचणीनं लावला. तेव्हापासून मी तिथून गेलो की ते वर न बघता म्हणायचे, "साळुंखे, दोरा खुशाल हाय."

अशा माणसाला गेमचं वेड कुठून लागलं हे कोणालाच कळेना. त्यांच्या घरी खेळायचं यंत्र नव्हतं. एकदा बसमधल्या एका इंजिनियरनं आपला फोन त्यांच्या हातात देऊन मोटारींची शर्यत लावून दिली. अप्पांनी पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर घातली, आणि पुन्हा सुरू करायच्या ऐवजी ती भिंतच बघत बसले.

"प्लास्टर बगा की राव. इतं चीर हाय, तितं ओल आलीय. कुनीतरी बसून केलं असंल हे."

"अप्पा, शर्यत आहे ती."

"जाऊद्या हो शर्यत."

त्यांना फक्त येणारे गेम हवे असायचे. आलेले नाही. फोनवर ते येणाऱ्या गेमांच्या दोन-दोन मिनिटांच्या झलका बघत, आणि आमच्या एका सप्लायरनं दिलेल्या कॅलेंडरवर गणपतीच्या चित्राखाली बारीक अक्षरात तारखा मांडत. इंग्रजी नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी आपली ठेवली होती. कोल्हीणवाला. खालून पावसावाला. आणि सगळ्यांत लाडका, दिव्यावाला.

तळवड्याच्या फाट्याला रोज बस अडकते. पुढे ट्रक, मागे ट्रक, शेतावरून वर चढलेलं धुकं, आणि त्या धुक्यात उभे राहिलेले कारखान्यांचे पिवळे दिवे. अशा वेळी अप्पा खिडकीच्या काचेवर बोट टेकवून हळू आवाजात सांगायला लागायचे.

"एक गाव हाय बगा. सगळं धुक्यात. मानूस न्हाई, कुत्रं न्हाई. एक पोरगी हातात काठी घेऊन चालली. काठीच्या टोकाला इस्तू. ती एक दिवा लावती, तेवढंच गाव दिसतंय. एक पायरी. एक दार. मग फुडचा दिवा लावायचा, मग फुडचं दार."

"आणि मग?"

"मग काय ते कुनाला म्हाईत. अजून यायचाय."

ते असं 'अजून यायचाय' म्हणाले की बस सुरू झाली तरी मला हलल्यासारखं वाटायचं नाही. बाहेरचे कारखाने त्या पोरीनं एकेक करून लावल्यासारखे दिसायचे. एकदा त्याच तंद्रीत मी कामावर गेलो आणि नाशिकचा ट्रक तळेगावला पाठवला. साहेबांनी कारण विचारलं. धुकं होतं, असं सांगितलं. आकाश निरभ्र होतं.

पेढ्यांचं कारण मात्र अप्पांनी एकदा नीट समजावून सांगितलं होतं.

"असं बगा, साळुंखे. गेम तयार हाय. तारीख सांगितलीय. साहेब म्हनतोय सोड, गिऱ्हाईक बोंबलतंय सोड, तुमच्यासारखा एकजन दारात ट्रक लावून बसलाय. आन तितं कुनीतरी एक मानूस म्हनतोय, न्हाई सोडत. दोष हाय. ह्याला छाती लागती का न्हाई?"

"लागते."

"मग त्याच्या नावानं एक पेढा खाल्ला तर बिघडलं काय?"

मी त्या अनोळखी माणसाच्या नावानं नेहमी दोन खात असे.

पुढे एक काळ असा आला की गेम ढकलले जाईनात. चार महिने सगळे आपापल्या तारखेला मुकाट येत गेले. अप्पा कॅलेंडरवर फुल्या मारायचे आणि गप्प बसायचे. फाट्यावर बस अडकली तरी काही सांगायचे नाहीत. त्यांच्या गप्प राहण्यानं मला वाईट वाटत होतं, असं मी आज म्हणू शकतो. पण खरं सांगायचं तर मला पेढ्यांची आठवण येत होती. शेवटी एका संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी फोनमध्ये डोकं घालून म्हणालो,

"अप्पा, ढकलला की हो तुमचा दिव्यावाला."

ते एकदम वळले. "खरं?"

"आत्ताच आलंय. सहा महिने पुढे."

"दोष काय निघाला?"

खोटं बोलणाऱ्यानं तपशिलात शिरू नये. मी शिरलो. "पुलावर. ती पोरगी पूल ओलांडताना मध्येच खाली पडते म्हणे. सगळे म्हणत होते चालेल, पण तपासणाऱ्यांपैकी एकानं हट्टच धरला."

"एकानं का एकीनं?"

प्रश्न विचित्र होता. मला वाटलं, बाईमाणूस म्हटलं तर गोष्ट जास्त रंगेल.

"एकीनं. तरुण आहे म्हणे. अडूनच बसली."

अप्पांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि पुन्हा काढला. मग ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा थांबा आला, गेला. मी आठवण करून दिली नाही, कारण मनातल्या मनात मी अर्धा किलोचा खोका उघडत होतो.

दुसऱ्या दिवशी अप्पा बसमध्ये रिकाम्या हातानं चढले. माझ्या शेजारी बसले. खिशातून एक लाल कार्ड काढलं आणि माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला बांधलं. दोषाच्या रकान्यात लिहिलं होतं : खोटं बोलतो. मागच्या सीटवर हशा झाला. मीही हसलो. अप्पा हसले नाहीत.

"काल मी पोरीला फोन केला," ते म्हणाले. "दोन वर्सांनी."

अप्पांना एक मुलगी आहे, मनीषा, हे मला माहीत होतं. बंगळुरूला असते, एवढंच. आमच्या शेजारच्याच कारखान्यात अप्पांनी शब्द टाकून तिला तपासणीत लावलं होतं, आणि ती वर्षभरात सोडून गेली होती, तेही ऐकून होतो.

"ती तितं गेम तपासायचं काम करती," अप्पा म्हणाले. "दिवसभर खेळती आन दोष लिवती. मी म्हनलो हुतो, खेळायचा पगार कोन देतंय का? लै बोललो. जायच्या दिवशी ती बॅग घेऊन दारात उभी, आन मी..." त्यांनी माझ्या बटणावरचं कार्ड बोटानं सरळ केलं. "हेच. तिच्या बॅगेला बांधलं. दोष लिवला, 'काम नव्हे, खेळ'. सही केली. मला वाटलं रडंल, थांबंल. ती तशीच बॅग घेऊन गेली."

बस फाट्यावर थांबली होती. आज धुकं होतं, पण अप्पांचं बोट काचेवर नव्हतं.

"आईशी बोलती. मला नमस्कार सांगती. कोन्च्या गेमवर हाय ते सांगत न्हाई, कंपनीची बंदी हाय म्हनं. मग मी सगळ्यांचीच वाट बगतो. येकादा तर तिचा असंल."

"आणि ढकलला की..."

"ढकलला की वाटतं, हिनंच अडवला असंल. माझी हाय म्हनल्यावर अडवनारच की."

मला तोवर खाल्लेले सगळे पेढे एकदम आठवले. आठवून ते गोड लागले नाहीत.

"अप्पा, चुकलं माझं. मग ती काय म्हणाली?"

"मी म्हनलो, त्या दिव्यावाल्या गेमातला पुलाचा दोष तू धरलास का गं? लै चांगलं केलंस, सोडू नको. ती हसायलाच लागली. म्हनली, बाबा, तो ढकललेलाच नाहीये, तुम्हाला कोणी बनवलं? मी तुमचं नाव सांगितलं. मग दोष लिवायचा कसा, त्याच्यावर बोललो. ती एक दोष दहा डाव तपासती. मी म्हनलो, मी बारा. बरंच बोललो. दसऱ्याला येती म्हनली चार दिवस."

"मग झालं तर."

"झालं कुठं? ते कार्ड तिनं काढलं का न्हाई, ते न्हाई इचारलं." ते खिडकीकडे वळले. "काढून टाकलं असंल तर माझं काय ऱ्हायलं तितं?"

माझ्या बटणावरचं कार्ड त्यांनी दिवसभर सोडलं नाही. मी ते लावूनच ट्रक भरले. कात्री समोर होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अप्पांनी सुट्टी टाकली. बंगळुरूची बस सकाळी वाकडला पुलाखाली थांबते. गाडी माझ्याकडे होती आणि गुन्हाही माझ्याकडेच होता, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीला कापलं होतं. हायवेवरून एकामागून एक बसगाड्या येत होत्या, दार उघडत होत्या आणि दुसऱ्याच कोणाला तरी उतरवून जात होत्या.

मनीषाचा निरोप आला. बस तासभर उशिरा येणार होती.

"ढकलली, अप्पा," मी म्हणालो. "पेढे?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी जाऊन दोन चहा घेऊन आलो.

चहा गार झाला. ऊन पुलाच्या खांबावरून उतरून आमच्या पायाशी आलं. अप्पा रस्त्याकडे बघत होते, पण बघणं रस्त्याच्या पलीकडचं होतं. एक दिवा लागला आणि पुढचा कधी लागतोय, तसं. मला वाटतं, त्या तासाभरात त्यांना बस यायलाही हवी होती आणि नकोही होती. यायची आहे तोवर कार्ड बॅगेवर होतंच.

बस आली. मनीषा उतरली. बापासारखंच रुंद कपाळ, तसाच चष्मा. क्लीनरनं बसच्या पोटातून निळी बॅग ओढून तिच्या पायाशी ठेवली. अप्पांनी मुलीकडे बघायच्या आधी बॅगेकडे बघितलं.

बॅगेच्या मुठीला कार्ड होतं. लाल रंग उडून गुलाबी झालेलं, कोपरे दुमडलेले, आणि फाटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलेली. सहीचा रकाना तेवढा उघडा ठेवला होता. दोरा अप्पांच्याच गाठीचा होता. ती गाठ मी ओळखतो.

"काढलं न्हाईस?" अप्पा म्हणाले.

"ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं ना, बाबा."

अप्पांनी खिसे चाचपले. इस्त्रीच्या शर्टाला पेन नव्हतं. मी माझं दिलं. ते तिथेच, रस्त्याच्या कडेला, बॅगेपुढे गुडघ्यावर बसले, आणि ज्यानं हजारो ट्रॉल्या सोडल्या असतील त्या माणसाला सही करायला दोनदा सुरुवात करावी लागली. सही झाली. पेन तारखेवर येऊन थांबलं.

दोन वर्षांपुढच्या गेमांच्या तारखा पाठ असलेला तो माणूस मान वर न करता म्हणाला, "आज किती तारीख, साळुंखे?"

या वेळी मी खरी सांगितली.